किशोरवयात कॉक्लिअर इम्प्लांट: जन्मतः ऐकू न येणारी मुलं आणि त्यांचे पालक यांचे नेहमीचे प्रश्न

तान्ह्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटवर, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवायच्या आणि विजेच्या स्पंदांनी आवाजाची जाणीव देणाऱ्या यंत्रावर, भरपूर लिहिलेलं सापडतं. पण समोर पंधरा वर्षांचा मुलगा असेल आणि त्याने जन्मापासून नीट असं काही ऐकलेलंच नसेल, तर त्यातलं निम्मं त्याला लागू पडत नाही, आणि उरलेल्या निम्म्यामुळे गैरसमज होतात. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. इम्प्लांटचं मॅपिंग करणं, म्हणजे ते प्रत्येकाच्या कानाला जुळवून देणं, हे माझं रोजचं काम. खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून सुरुवात त्यानेच.

इम्प्लांट केलं की बोलायला लागेल ना?

त्यातल्या 'ना'ची मला भीती वाटते. इम्प्लांट आवाज देतं, भाषा देत नाही. वर्षभराच्या बाळाच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण आवाज मिळाला की भाषा शिकायला त्याचा मेंदू तयारच बसलेला असतो. पंधराव्या वर्षी तसं नसतं. ज्याने श्रवणयंत्र कधी धड वापरलं नाही, बोलीभाषा कानावर पडलीच नाही, त्याला इम्प्लांटनंतर नुसतं ऐकून वाक्य समजेल, फोनवर गप्पा मारता येतील, अशी आशा धरू नका. काहींना थोडंफार जमतं. पण त्या भरवशावर ऑपरेशनला उभं राहू नये.

बहुतेकांना जे मिळतं ते वेगळं असतं. मागून गाडी आली हे कळतं. दार वाजलं, कुणी हाक मारली, खोलीत कुणी आलं हे मान न वळवता कळतं. स्वतःचा आवाज किती मोठा निघतोय याचा अंदाज येतो. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे ओठवाचनाला आधार मिळतो. आरशासमोर उभं राहून 'पान', 'मान', 'भान' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात, त्यामुळे ओठ वाचणाऱ्याला हे तिन्ही शब्द एकच दिसतात. 'म'चा गुंजारव, 'प'च्या आधीची क्षणभराची शांतता एवढं जरी इम्प्लांटमधून पोचलं, तरी समोरच्याचं बोलणं बरंच सोपं होतं.

वयाने एवढा फरक का पडतो? कान तर तोच आहे.

कान तोच आहे. शंखासारखी वळलेली कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असते, नंतर वाढत नाही. प्रश्न मेंदूचा आहे. ऐकण्यासाठी राखलेल्या भागाला पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाले नाहीत, तर ती जागा ओस पडून राहत नाही. नजर आणि स्पर्श तिथे हातपाय पसरतात. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतल्या लहरी मोजून हे दाखवलं. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्यांचा प्रतिसाद थोड्याच काळात ऐकणाऱ्या मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर झालेल्यांपैकी बहुतेकांचा तसा झाला नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे ऐकताना आईवडिलांची मान खाली जाते. निदान उशिरा झालं असेल, तेव्हा कुणी सांगितलं नसेल, पैसे नसतील, किंवा तुम्ही विचार करून नको म्हणाला असाल. आज निर्णय घेताना त्या हिशेबाचा काही उपयोग नाही. 'उशीर झाला, आता तरी करून टाकू' या भावनेतून ठरलेली ऑपरेशनं मी पाहिली आहेत. ती सहसा मुलासाठी केलेली नसतात.

मग कुणाला चांगला उपयोग होतो?

ज्याने लहानपणापासून श्रवणयंत्र रोज वापरलं आहे त्याला. 'जन्मतः कर्णबधिर' हा एकच शिक्का असला तरी आतली माणसं फार वेगळी असतात. कुणाला जन्मापासून ९० डेसिबलच्या पुढचंच ऐकू येतं. कुणाला आधी थोडं ऐकू यायचं आणि ते वर्षागणिक कमी होत गेलं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला पंधराव्या वर्षीही खूप फायदा होऊ शकतो.

एक आई मुलीच्या कानाचे जुने साचे डबीत घालून घेऊन आली होती. कान वाढेल तसा श्रवणयंत्राचा साचा बदलावा लागतो. तिच्या डबीत चिंचोक्याएवढ्यापासून आत्ताच्या मापापर्यंत सगळे होते, काही पिवळे पडलेले. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) बघण्याआधीच मला बरंचसं कळलं. हे साचे झिजलेले होते, म्हणजे वापरलेले होते.

त्यानंतरचे मुद्दे: घरात आणि शाळेत तोंडी बोलणं होतं का, मूल ओठ वाचतं का, श्रवण चेता (आवाजाचा संदेश मेंदूकडे नेणारी नस) शाबूत आहे का, आणि मुलाला स्वतःला हवं आहे का. हा शेवटचा मुद्दा यादीत शेवटी आला तरी माझ्या लेखी त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे.

हे यंत्र नेमकं करतं काय?

कॉक्लियात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. जन्मतः बहिरेपणात बहुधा त्याच काम करत नाहीत. त्यांच्या पुढची चेता मात्र अनेकदा ठीक असते. इम्प्लांट केसपेशींना वळसा घालून थेट चेतेला विजेचे सूक्ष्म स्पंद देतं. कानामागच्या प्रोसेसरमधला माइक आवाज घेतो, प्रोसेसर त्याची जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत पट्ट्या-पट्ट्यांत विभागणी करतो, डोक्यावर चुंबकाने चिकटलेली कॉइल ती माहिती त्वचेतून आत पाठवते, आणि कॉक्लियात सरकवलेल्या तारेवरचे इलेक्ट्रोड चेतेला डिवचतात. हे इलेक्ट्रोड कंपनीनुसार १२ ते २२ असतात. पंधरा हजारांचं काम बावीस जणांवर, हे लक्षात ठेवलं की इम्प्लांटमधला आवाज 'नैसर्गिक' का नसतो ते कळतं.

१९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांच्या गटाने अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट पहिल्यांदा ज्याला बसवलं, त्या माणसाचं ऐकणं अपघातात गेलं होतं. भाषा त्याच्या डोक्यात आधीपासून होती. यंत्राने फक्त तिच्यापर्यंतची वाट पुन्हा मोकळी केली. 'अमक्याच्या काकांना इम्प्लांटनंतर महिन्यात सगळं ऐकू यायला लागलं' असं कुणी सांगितलं, तर काकांचं ऐकणं कधी गेलं ते आधी विचारा.

ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या होतात?

ऐकण्याच्या चाचण्या, चांगलं श्रवणयंत्र नीट लावून घेतलेला अनुभव, आणि सीटी स्कॅन व एमआरआय. स्कॅनमध्ये कॉक्लियाची रचना आणि चेतेची जाडी दिसते. काही मुलांत चेता फार बारीक असते किंवा नसतेच. तिथे इम्प्लांटचा फायदा फार कमी किंवा शून्य. काहींची कॉक्लियाच तयार झालेली नसते, त्यांना इम्प्लांट बसवताच येत नाही. जमलं तर जनुकीय तपासणीही करावी. कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातला दोष हे जन्मजात बहिरेपणाचं फार नेहमीचं कारण आहे आणि त्यात चेता सहसा चांगली असते.

दोन तपासण्या मी आवर्जून सुचवते, कारण त्या राहून जातात. पहिली ईसीजी. जन्मतः बहिरेपणाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ दोष येतो, जर्वेल-लँग-नील्सन सिंड्रोम. मूल कधी खेळताना किंवा दचकून बेशुद्ध पडलं असेल, तर भूल देण्याआधी हे कळलंच पाहिजे. दुसरी डोळ्यांची. अशर सिंड्रोममध्ये बहिरेपण जन्मतः असतं आणि नजर किशोरवयाच्या आसपास कमी व्हायला लागते, तीही रात्रीची आधी. अंधारात अडखळणं, जिन्यावर थांबून चाचपडणं याला घरचे 'वेंधळेपणा' म्हणतात. ज्याची नजर पुढे अधू होणार आहे, त्याच्यासाठी इम्प्लांटचा सगळा हिशेबच बदलतो. त्याला पुढे ओठही दिसणार नाहीत आणि खुणाही, त्यामुळे आज मिळणारा थोडासा आवाजसुद्धा मोलाचा.

न्यूमोकॉकल लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. इम्प्लांट झालेल्यांना मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचा) धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो.

ऑपरेशन किती मोठं असतं? धोके काय?

पूर्ण भूल देऊन, एका कानाला साधारण दोन ते तीन तास. कानामागे छेद घेतात, तिथल्या हाडातून वाट करून तार कॉक्लियात सरकवतात. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी जातात.

चक्कर, कानात आवाज, जिभेवर काही दिवस धातूसारखी चव हे होऊ शकतं आणि बहुधा जातं. चेहऱ्याची नस त्याच वाटेवर असते. तिला इजा होणं विरळ आहे, पण कागदावर सही करण्याआधी त्याबद्दल सर्जनशी बोला. जंतुसंसर्ग आणि आतलं यंत्र बंद पडणं याही शक्यता आहेत. आणि त्या कानात जे थोडं नैसर्गिक ऐकू येत होतं, ते जाऊ शकतं. श्रवणयंत्रावर ढोल किंवा दाराचा दणका ऐकून खूश असणाऱ्या मुलाला हे आधी स्पष्ट सांगा. नंतर कळलं तर ते त्याला फसवल्यासारखं वाटतं.

स्विच-ऑनच्या दिवशी काय होतं?

जखम भरायला वेळ देऊन, साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. इंटरनेटवरचे डोळे भरून आलेले व्हिडिओ पाहून येऊ नका.

एका मुलीला मी पहिला बीप दिला, तेव्हा तिने कानाला नाही, मानेला हात लावला. कुठे वाटलं, असं खुणेने विचारलं तर तिने कानामागून गळ्यापर्यंत बोट फिरवलं. आवाज म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, त्याला पहिली जाणीव गुदगुल्या, ठोके, कंप अशीच होते. वडील मोबाइल सरसावून उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रोसेसर काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

पंधरवड्याने ती तक्रार घेऊन आली. घरात एक आवाज सतत चालू असतो आणि कुणी तो बंद करत नाही. घरभर शोधल्यावर सापडला, फ्रिजचा होता. त्याच घरात जन्म गेला तिचा, आणि फ्रिज आवाज करतो हे तिला ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर खरा स्विच-ऑन तो.

मॅपिंग म्हणजे काय? किती वेळा यावं लागतं?

प्रत्येक इलेक्ट्रोडला कमीत कमी किती करंट दिला की जाणवतं आणि जास्तीत जास्त किती सहन होतो, हे ठरवून प्रोसेसरमध्ये भरणं म्हणजे मॅपिंग. पहिल्या वर्षात बऱ्याच फेऱ्या होतात, पुढे वर्षातून एक-दोन.

मोठी मुलं स्वतः सांगू शकतात हा फायदा. आणि सगळ्याला 'ठीक' म्हणतात ही अडचण. 'हळू' आणि 'मोठा' हे शब्द ज्याने कधी कानाने अनुभवले नाहीत, त्याला 'हा मोठा वाटला का?' असं विचारण्यात अर्थ नाही. मी चढत्या पायऱ्यांचं चित्र ठेवते आणि बोट ठेवायला सांगते. एखाद्या इलेक्ट्रोडवर डोळा किंवा ओठाची कड फडफडली, तर चेहऱ्याची नस डिवचली जाते आहे असं समजावं. तो इलेक्ट्रोड कमी किंवा बंद करता येतो. मुलं हे लाजेने लपवतात. विचारा.

थेरपी किती दिवस चालते?

महिन्यांत नाही, वर्षांत मोजा. आधी आवाज आहे की नाही, मग दोन आवाजांतला फरक, मग ओळखणं, शेवटी समजणं. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी तोंड झाकून म्हणून बघा. 'म'पासून 'स'पर्यंत बोलण्याच्या सगळ्या पट्ट्या यात येतात. कालपर्यंत 'स' ऐकू यायचा आणि आज नाही, तर यंत्र तपासायची वेळ झाली.

एवढं सांभाळा की पंधरा वर्षांच्या मुलासमोर बाळांची चित्रं ठेवू नका. त्याच्या मित्रांच्या नावांची यादी घ्या, छोटी नावं आणि लांब नावं ऐकून वेगळी करायला लावा. अपमान वाटला की मुलं येणं बंद करतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता खुणांची भाषा बंद करायची का?

नाही. हा सल्ला अजूनही दिला जातो आणि मला त्याचा राग येतो. सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तुमचं मूल तिच्यात विचार करतं, भांडतं, थट्टा करतं. उद्या कदाचित मिळेल अशा थोड्या शब्दांसाठी आज हातात असलेली भाषा काढून घेऊ नका. इम्प्लांट लावूनही कर्णबधिर मित्रांमध्ये राहणारी, दोन्हीकडे वावरणारी मुलं भरपूर आहेत. आणि प्रोसेसर काढला की मूल पूर्वीइतकंच कर्णबधिर असतं, अंघोळ करताना, झोपताना, बॅटरी संपल्यावर.

आम्हाला हवं आहे, पण तो तयार नाही.

मग थांबा. एका मुलाची आई सांगत होती, "दिवसभर घालतो." प्रोसेसरमध्ये वापराचे तास आपोआप नोंदले जातात, स्क्रीनवर रोजची सरासरी आली ४० मिनिटं. मुलगा स्क्रीनकडे बघत होता, आई मुलाकडे आणि मी कीबोर्डकडे. आई बाहेर गेल्यावर त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं: 'मला कोणी विचारलं नव्हतं.'

बाळ काढून टाकू शकत नाही, किशोर काढतो. त्याला आधी इम्प्लांट झालेल्या दोन-तीन जणांना भेटवा, त्यातला एक तरी वापरणं सोडलेला असू द्या. त्याच्याच भाषेत, दुभाष्यासह, त्याला एकट्याने डॉक्टरांना प्रश्न विचारू द्या. 'तुला काय ऐकायचं आहे?' याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर पुढे जा.

एक कान की दोन्ही?

दोन कानांनी आवाजाची दिशा आणि गोंगाटातलं बोलणं जास्त बरं कळतं, हे खरं. पण या वयात आधी एक कान, तोही ज्याने श्रवणयंत्रावर जास्त ऐकलं आहे तो, असं अनेकदा ठरतं. दुसऱ्यात श्रवणयंत्र चालू ठेवता येतं.

खेळ, पोहणं, एमआरआय?

खेळ चालतात, डोक्याला थेट मार बसणारे, बॉक्सिंगसारखे, टाळावेत. सायकलवर हेल्मेट घालावं. पोहताना प्रोसेसर काढा किंवा त्याचं पाणीरोधक आवरण वापरा. घाम आणि दमट हवा हे प्रोसेसरचे शत्रू, म्हणून रात्री तो कोरड्या डबीत ठेवा. एमआरआयबद्दल मॉडेल क्रमांक सांगूनच विचारा: काही नव्या इम्प्लांटमधलं चुंबक आतल्या आत फिरतं, त्यामुळे ३ टेस्लाचा, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचा एमआरआयही होतो, तर जुन्यांत आधी चुंबक काढावं लागू शकतं. पुढे कसलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगा. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात असू द्या, विमानतळावरही लागतं.

(मुलांकडून) केस कापावे लागतील? सगळ्यांना दिसेल? गाणी ऐकता येतील?

केस छेदाजवळचे थोडे काढतात, परत येतात. प्रोसेसर दिसतो, कानावर न बसणारी, नुसती डोक्याला चिकटणारी मॉडेलंही आहेत. कुणी केसांखाली लपवतं, कुणी त्यावर रंगीत स्टिकर लावतं. गाण्यातला ठेका छान कळतो, सूर तितकासा नाही; बावीस इलेक्ट्रोडमध्ये सुरांचे बारकावे मावत नाहीत. म्हणून 'येणार.' आणि 'येणार?' यातला फरकही ऐकून चटकन कळत नाही, चेहरा बघावा लागतो. पण ठेका आवडणाऱ्यांना गाणी आवडतात. ब्लूटूथ जोडता येतं.

नवीन उपचार येतायत म्हणे. थांबावं का?

ओटोफर्लिन या, केसपेशींकडून चेतेला संदेश द्यायला लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषावरच्या जीन थेरपीने (जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणाऱ्या उपचाराने) काही मुलांना ऐकू यायला लागल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बातमी खरी आणि मोठी आहे, पण हा दोष जन्मजात बहिरेपणाच्या थोड्याच मुलांत असतो. शिवाय कान दुरुस्त झाला तरी मेंदूच्या वयाचा प्रश्न तिथेही उरतोच.

उपयोग झाला नाही तर?

प्रोसेसर लावणं बंद करता येतं. आतला भाग त्रास देत नसेल तर तसाच ठेवतात. काही जण दोन-चार वर्षांनी, कॉलेजात किंवा नोकरीत गेल्यावर, स्वतःहून परत येतात. तेव्हा पुन्हा मॅपिंग करतो आणि जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करतो.

(मुलांकडून) संध्याकाळी काढून ठेवलं तर चालतं का? डोकं दुखतं.

दिवसभर ऐकण्याचा थकवा येतो, तो खोटा नाही. सुरुवातीला सलग घालण्याऐवजी मधे अर्धा तास काढून ठेव, मग परत लाव. दुखणं रोजचं असेल किंवा चुंबकाखालची जागा लाल दिसत असेल तर लगेच दाखव. चुंबकाची ताकद कमी करता येते. झोपताना तर काढायचाच असतो. सकाळी उठण्यासाठी उशीखाली थरथरणारा गजर ठेव, आईला हलवून उठवायला लावू नकोस.